पावसाचे पंचांग आणि आफ्रिकेची सफर



आजच्या विषयाचे नाव पत्रिकेत 'आफ्रिकेतील सुट्टी' असे छापले आहे. आफ्रिकेत ५४ देश आहेत. ते सगळे तासाभरात उरकणारा वक्ता मिळणे कठीण नाही, पण त्याचे ऐकून कोणाला तिकीट काढता येईल असे मला वाटत नाही. म्हणून मी आज एकाच देशाबद्दल बोलणार आहे. तो देश टांझानिया. आफ्रिका म्हटले की आपल्या माणसाला ज्या दोन गोष्टी पाहाव्याशा वाटतात, मोकळ्या रानातली जनावरे आणि स्वच्छ समुद्र, त्या दोन्ही तेथे एकाच देशात आहेत. मुख्य भूमीवर सेरेंगेटी आणि न्गोरोंगोरो. आणि किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर, समुद्रात, झांजीबार. कच्छी आणि गुजराती व्यापारी ज्याला जंगबार म्हणत तेच हे बेट.

प्रथम 'सफारी' या शब्दाविषयी दोन शब्द. तो आपल्याला परका नाही. अरबी भाषेतला 'सफर' हा शब्द एका वाटेने मराठीत आला आणि दुसऱ्या वाटेने स्वाहिलीत जाऊन 'सफारी' झाला. स्वाहिलीत त्याचा अर्थ नुसता प्रवास. बहिणीच्या गावी बसने निघालेला टांझानियन मनुष्यही सफारीवरच असतो, त्याला वाटेत सिंह दिसण्याची गरज नसते. स्वाहिलीत असे आपल्या ओळखीचे शब्द पुष्कळ सापडतात. मोटारीला 'गारी', दुकानाला 'दुका', बंदराला 'बंदारी', सरकारला 'सेरिकाली' आणि कांदा-टोमॅटोच्या कोशिंबिरीला चक्क 'कचुंबरी'. हे शब्द तेथे कसे पोहोचले ते पुढे झांजीबारात गेल्यावर पाहू.

आता मुद्द्याकडे येतो. या सहलीचा बेत ज्यांच्या मनात असतो ते मला दोन प्रश्न विचारतात. पैसे किती लागतील? आणि सिंह नक्की दिसेल ना? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण त्यांच्या आधी विचारावयाचा एक प्रश्न आहे, आणि तो सहसा कोणी विचारीत नाही. जावयाचे कोणत्या महिन्यात? आपण महिना गृहीत धरतो. मुलांच्या परीक्षा संपल्या, बँका आणि कचेऱ्यांतून रजा मिळाली, की मे महिना. काश्मीर मे महिन्यात, उटी मे महिन्यात, तेव्हा आफ्रिकाही मे महिन्यात. येथेच गाडे अडते.

टांझानियाच्या उत्तर भागात वर्षातून दोनदा पाऊस पडतो. मोठा पाऊस साधारण मार्च ते मे, त्याला 'मसिका' म्हणतात. लहान पाऊस नोव्हेंबर-डिसेंबरात, तो 'वुली'. म्हणजे आपली उन्हाळ्याची सुट्टी मसिकाच्या उत्तरार्धावर पडते आणि दिवाळीची सुट्टी वुलीच्या तोंडावर. एप्रिल-मेमध्ये रानातले कच्चे रस्ते चिखलाने भरतात, काही छावण्या आवरून ठेवतात, झांजीबारातली कित्येक हॉटेले रंगरंगोटीसाठी बंद असतात. नेमक्या याच दिवसांत सहलींचे भाव उतरतात, आणि मग 'मे महिन्यासाठी खास सवलत' अशी जाहिरात झळकते. जाहिरात खोटी नसते. सवलत का आहे तेवढे मात्र त्यात लिहिलेले नसते. ज्यांना हिरवे रान, आकाशातले ढगांचे नाटक आणि निर्मनुष्य रस्ते आवडतात त्यांनी ती सवलत खुशाल घ्यावी. पण ज्या कुटुंबाने चार वर्षे पैसे साठवून एकदाच जावयाचे ठरविले आहे, त्याने पावसाचे पंचांग पाहिल्यावाचून निघू नये.

हे पंचांग जनावरे कशी पाळतात ते समजून घेतले तर आपली आखणी पुष्कळ सोपी होते. सेरेंगेटी हे नाव मासाई भाषेतल्या एका शब्दावरून आले. जमीन जेथे संपतच नाही असे ठिकाण, असा त्याचा अर्थ सांगतात. राष्ट्रीय उद्यान म्हणून ते १९५१ साली जाहीर झाले. क्षेत्रफळ सुमारे १४,७६३ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या मोठ्या जिल्ह्याएवढे. या उद्यानाच्या आग्नेयेस न्गोरोंगोरोचे डोंगर आहेत. त्यांच्या आडोशामुळे दक्षिणेकडील मैदानांवर पाऊस कमी पडतो, आणि उत्तरेकडे व पश्चिमेकडे जावे तसा तो वाढत जातो. पर्जन्यछाया म्हणजे काय हे माणदेशाला कोणी शिकवावयास नको. गंमत अशी की, या कमी पावसाच्या मैदानांवरचे गवतच सर्वांत कसदार. ज्वालामुखीच्या राखेची जमीन, त्यात चुना आणि स्फुरद भरपूर. त्यामुळे विणारी आणि दूध पाजणारी जनावरे ते गवत शोधीत येतात. पण पाऊस संपला की तेथे प्यावयास पाणी राहत नाही, आणि मग कळप जास्त पावसाच्या उत्तरेकडे निघतात.

आपल्याकडचे धनगर पावसाळ्यात आपल्या कोरड्या मुलखात असतात, आणि तो मुलूख वाळला की मेंढरे, घोडी, कोंबड्या, तान्ही पोरे घेऊन कोकणात उतरतात. सेरेंगेटीतले स्थलांतर हे याच हिशोबाचे आहे. फक्त तेथे धनगर नाही. जनावर स्वतःच आपला वाडा घेऊन निघते.

हे जनावर म्हणजे विल्डबीस्ट. पुढून बैल, मागून हरीण, दाढी बोकडाची, असे त्याचे ध्यान असते. विमानांतून केलेल्या मोजण्यांवरून त्यांची संख्या तेरा लाखांच्या आसपास धरीत आले आहेत. २०२५ साली उपग्रहांच्या छायाचित्रांवरून केलेली एक मोजणी प्रसिद्ध झाली, तिच्यात आकडा सहा लाखांच्याही आत आला आणि जाणकारांत वाद सुरू झाला. वाद ते मिटवतील. जीपच्या छपरातून पाहणाऱ्याला सहा लाख आणि तेरा लाख यांतला फरक कळत नाही हे खरे. यांच्याबरोबर झेब्रे आणि लहान हरणे असतात, आणि मागे सिंह, तरस, चित्ते.

यांचे वर्ष असे. जानेवारीअखेर ते मार्च हे कळप दक्षिणेच्या आखूड गवतावर, न्दुतूच्या बाजूस असतात. फेब्रुवारीत दोन-तीन आठवड्यांच्या अवधीत बहुतेक सगळ्या माद्या वितात. इतकी वासरे एकदम जन्मतात की शिकारी जनावरांना ती खाऊन संपत नाहीत. या एकदम विण्याचा तोच हेतू. मे-जूनमध्ये कळप वायव्येकडे सरकतात, जुलै ते ऑक्टोबर उत्तरेस मारा नदीच्या काठी असतात, आणि नोव्हेंबरात वुलीचे ढग दिसले की दक्षिणेकडे वळतात. चित्रपटांत दिसते ती सुसरींनी भरलेली नदी उत्तरेची, जुलै-ऑक्टोबरमधली. तेव्हा फेब्रुवारीत जाऊन 'नदी ओलांडताना दाखवा' म्हणून वाटाड्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. आणि ऑगस्टात नदीकाठी बसलात तरी कळप आजच ओलांडील अशी हमी कोणी देऊ शकत नाही. चार तास काठावर उभे राहून सगळे कळप माघारी फिरल्याचे मी पाहिले आहे. आमच्या गाडीतल्या एका सद्गृहस्थांना तो कंपनीचा दोष वाटला.

या कळपांच्या संख्येमागे एक इतिहास आहे आणि त्याचे एक टोक आपल्याकडे येते. १८८० च्या दशकाअखेर बुळकांडीचा रोग आफ्रिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर उतरला. भारतातून नेलेल्या गुरांबरोबर तो गेला असे बहुतेक इतिहासकार मानतात. पुढल्या काही वर्षांत तो पूर्व आफ्रिकेतून खाली दक्षिणेपर्यंत पसरला. मासाईंची गुरे मेली, गुरांमागोमाग माणसे उपासाने मेली, विल्डबीस्ट आणि रानरेडेही मेले. पुढे कित्येक दशके हे कळप वाढले नाहीत. मग उद्यानाभोवतालच्या गावांतल्या गुरांना लस टोचण्यात आली. टोचली गुरांना आणि वाचली रानातली जनावरे, कारण रोग रानात गुरांतूनच जात होता. १९६० च्या सुमारास अडीच लाखांच्या आसपास असलेले विल्डबीस्ट १९७० च्या दशकाअखेरीस तेरा लाखांवर पोहोचले. २०११ साली बुळकांडी जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. आपल्यांतल्या ज्या वडीलधाऱ्यांनी बुळकांडीने ओस पडलेले गोठे पाहिले असतील त्यांना या वाक्याची किंमत कळेल.

आता आपल्या सोयीचा महिना. ज्यांची मुले शाळेत आहेत त्यांनी मेच्या मध्याऐवजी जूनचा पहिला पंधरवडा धरावा. आपल्याकडच्या बहुतेक शाळा जूनच्या मध्यास उघडतात. तेथे तोवर मसिका ओसरलेला असतो, रान अजून हिरवे असते, रस्ते वाळलेले असतात, कळप पश्चिमेच्या पट्ट्यात सापडतात, आणि जुलैची गर्दी व जुलैचे भाव यावयाचे असतात. बाकी मुंबई-पुण्यात पावसाची पहिली सर येत असता आपण कोरड्या हवेत असणे हेही सुखाचेच. पण एक लक्षात ठेवा, विषुववृत्ताच्या दक्षिणेस जून हा हिवाळा. न्गोरोंगोरोचा काठ सुमारे २,३०० मीटर उंच आहे, म्हणजे महाबळेश्वरापेक्षाही हजार-एक मीटर वर. आफ्रिकेला जातो म्हणून स्वेटर घरी ठेवून गेलेली माणसे तेथे हॉटेलची घोंगडी पांघरून नाश्त्याला येतात.

ज्यांना सुट्टीचे बंधन नाही, सेवानिवृत्त दांपत्ये, त्यांना माझा सल्ला फेब्रुवारीचा. अरण्यात वासरे, झांजीबारचा समुद्र शांत, दोन्हीकडे हवा कोरडी. मात्र येथे आणखी एक पंचांग आडवे येते, चंद्राचे. झांजीबारचे बहुतेक लोक मुसलमान आहेत. २०२७ साली रमजान फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होतो. त्या महिन्यात शहरातली खाणावळ दिवसा बंद असते. हॉटेलात जेवण मिळते, पण रस्त्यावर खातपीत हिंडणे शोभत नाही. संध्याकाळी मात्र त्या शहराचा थाट पाहण्यासारखा असतो.

किती दिवस? दहा ते अकरा रात्रींपेक्षा कमी असतील तर ठिकाणे कमी करा, दिवस नको. आपल्याकडच्या सहलींच्या पत्रकांत सहा दिवसांत पाच उद्याने दिलेली असतात, आणि ती वाचून पैसे वसूल झाल्यासारखे वाटते. वस्तुतः त्यात पाहिला जातो तो रस्ताच. अरूशा गावाहून सेरेंगेटीच्या मध्यभागी सेरोनेरापर्यंत सव्वातीनशे किलोमीटर आहेत, आणि त्यांना सात-आठ तास लागतात, कारण न्गोरोंगोरोच्या पुढचा रस्ता खडबडीत आहे. मी असे म्हणेन : विमानाने उतरल्यावर अरूशात एक रात्र. मग तारांगिरेत एक; तेथे हत्ती आणि गोरखचिंचेचे प्रचंड वृक्ष. हो, आपल्याकडे कोठे कोठे एकटीदुकटी उभी असलेली गोरखचिंच तीच, तिचे माहेर आफ्रिका. मग न्गोरोंगोरोजवळ दोन रात्री, सेरेंगेटीत तीन, आणि सेरोनेराहून लहान विमानाने झांजीबारास चार. विमानाचा खर्च पाहून दचकू नका. तो वाचवावयाचा तर परतीचे सात-आठ तास पुन्हा त्याच रस्त्यावर जातात आणि वाटेत एका रात्रीचे हॉटेल पडते. या विमानांत सामान फक्त पंधरा किलो, आणि तेही मऊ पिशवीत. चाकांची टणक पेटी चालत नाही.

आता पैसा. ही सहल स्वस्त नाही आणि स्वस्त म्हणून सांगणाऱ्याला कोठे काटकसर केली ते विचारावे. अलीकडच्या वर्षांत सेरेंगेटीत परदेशी प्रौढ माणसाची प्रवेश फीच सत्तर डॉलरच्या आसपास, वर कर. ती चोवीस तासांची असते. दुपारी दोनला फाटकातून शिरलात तर दुसऱ्या दिवशी दोनपर्यंत ती चालते, म्हणून चांगला वाटाड्या फाटकावरच्या वेळेचा हिशोब सोनाराच्या काट्याने करतो. गाडीचे भाडे मात्र माणशी नसून गाडीमागे असते. दोघांनी जाणे आणि सहांनी जाणे यांत माणशी खर्चात मोठा फरक पडतो. सहा माणसे जमवा, पण सातवे घुसवू नका, कारण सातव्याला खिडकी नसते आणि खिडकीवरून बिघडलेली नाती मुंबईला पोहोचेपर्यंत सुधारत नाहीत. काटकसर करावयाची तर खोलीच्या थाटात करा. उद्यानाबाहेरच्या स्वस्त हॉटेलात राहण्याची काटकसर मात्र महागात पडते. जनावरे दिसतात ती पहाटे आणि सूर्य कलल्यावर. बाहेर राहणारा मनुष्य ती वेळ फाटकाकडे जाण्यात घालवितो. तंबूत राहणे हे साहस नाही. पलंग, गरम पाणी, सगळे असते. रात्री तंबूबाहेर सिंह ओरडला तर आतच बसावे, एवढाच नियम.

वेळेविषयी एक सूचना. स्वाहिली माणूस दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतो, आपल्या जुन्या घटकांसारखे. सकाळचे सात म्हणजे त्याचा 'सा मोजा', पहिला तास. वाटाड्याशी इंग्रजीत बोलताना ही अडचण येत नाही, पण गावातल्या टॅक्सीवाल्याने 'एक वाजता येतो' म्हटले तर कोणाचा एक ते विचारून घ्यावे.

येथवर मी जनावरांविषयी बोललो. पण त्या भूमीवर माणसेही आहेत, आणि आपल्या डॉलरांचा त्यांच्याशी संबंध आहे. १९५९ साली सेरेंगेटीच्या हद्दी बदलल्या आणि तेथे गुरे चारणाऱ्या मासाईंना उद्यान सोडावे लागले. त्यांच्यासाठी शेजारी न्गोरोंगोरो संरक्षित क्षेत्र निराळे करण्यात आले; तेथे माणूस, गुरे आणि रानची जनावरे एकत्र राहतील असे ठरले. त्याच साली जानेवारीत मिखाएल ग्रिमेक हा जर्मन तरुण कळपांची पाहणी करताना विमान कोसळून मरण पावला. त्याचे वडील बर्नहार्ट ग्रिमेक यांच्या पुस्तकाने आणि चित्रपटाने सेरेंगेटीचे नाव जगभर झाले. दोघांचेही दफन न्गोरोंगोरोच्या काठावर झाले. तेथे गाड्या थांबतात. काठावरून खाली पाहिले की एकोणीस किलोमीटर रुंदीचे आणि सहाशे मीटर खोलीचे ते विवर दिसते. कोसळलेल्या ज्वालामुखीची ती परात, तिच्या तळाशी तळे आणि हजारो जनावरे.

ज्यांना १९५९ साली तेथे वसविले त्यांचे पुढे काय झाले? न्गोरोंगोरोतली माणसे आणि गुरे वाढली. २०२२ पासून सरकार तेथील कुटुंबांना सुमारे सहाशे किलोमीटर दूर म्सोमेरा या गावी हलवीत आहे. सरकार म्हणते, लोक स्वखुशीने जातात आणि त्यांना घर व जमीन मिळते. मासाईंचे पुढारी आणि मानवी हक्कांचे कार्यकर्ते म्हणतात, दवाखाने आणि शाळांचा पैसा आटवून त्यांना जाणे भाग पाडले. २०२४ च्या ऑगस्टात हजारो मासाई त्यांच्या लाल शुका पांघरून याच रस्त्यावर बसले होते आणि प्रवाशांच्या गाड्या अडल्या होत्या. कोयनेच्या किंवा उजनीच्या पाण्याखाली ज्यांची गावे गेली त्यांना यातला कोणताही शब्द नवा वाटणार नाही. मी तेथे जाऊ नका असे म्हणत नाही. प्रवाशांचा पैसा थांबला तर ते रानही फार दिवस टिकणार नाही, आणि वाटाडे, स्वयंपाकी, चालक यांची घरे त्याच पैशावर चालतात. परंतु कंपनी निवडताना दोन प्रश्न विचारता येतात. वाटाड्याला पगार देता की केवळ बक्षिसीवर ठेवता? मासाई वस्तीला भेट देण्याचे पैसे वस्तीच्या हाती जातात की वाटेत मुरतात? ज्यांचे उत्तर लगेच आणि स्पष्ट येते त्यांच्याकडे जावे. आणि वस्तीत गेल्यावर विचारल्याशिवाय कोणाच्या तोंडापुढे कॅमेरा धरू नये. पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांच्या तोंडापुढे असे कोणी केले तर आपल्याला कसे वाटते ते आठवावे.

आता झांजीबार. डिसेंबर ते मार्च तेथे ईशान्येचा वारा वाहतो, त्याला 'कास्काझी' म्हणतात. एप्रिलपासून दक्षिणेचा 'कुसी'. हे दोन वारे म्हणजे आपलाच मोसमी वारा, अर्ध्या वर्षाने उलटणारा. कास्काझीवर शिडे उभारून कच्छ-काठेवाडची आणि अरबस्तानची गलबते तेथे पोहोचत. कापड देऊन हस्तिदंत आणि लवंगा घेत. आणि कुसी धरून परत येत. मघाशी सांगितलेले 'दुका' आणि 'गारी' हे शब्द अशा व्यापारातून तेथे रुजले. ओमानच्या सुलतान सय्यद सैदने १८४० च्या सुमारास आपली राजधानी मस्कतहून या बेटावर हलविली, आणि त्याच्या जकातीचा मक्ता कच्छी पेढीकडे होता. झांजीबारचे नाणे १९३५ पर्यंत रुपया होते. गोव्याचे शिंपी, बेकरीवाले आणि छायाचित्रकारही तेथे स्थायिक झाले. आणि तरुण मंडळींसाठी सांगतो, फ्रेडी मर्क्युरी हा जगप्रसिद्ध गायक याच बेटावर १९४६ साली एका पारशी कुटुंबात जन्मला आणि शाळेला आला तो आपल्या पाचगणीला.

तेथील जुन्या दगडी शहराला, स्टोन टाऊनला, निदान एक पूर्ण दिवस द्यावा. त्याचे दरवाजे पाहण्यासारखे आहेत : भारतातून आणलेले सागवान, त्यावर कोरीव काम आणि पितळी खिळे. हत्तीने धडक देऊ नये म्हणून शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्याला जसे खिळे आहेत, तशीच ही कल्पना. झांजीबारात हत्ती नाही, पण शेठजींची हौस होती. त्याच शहरात गुलामांचा बाजार भरे. तो १८७३ साली बंद झाला आणि त्या जागेवर चर्च उभे राहिले. आपण तेथे गेलो की अरबांच्या आणि युरोपियनांच्या पापांची यादी ऐकतो आणि मान हलवितो. पण त्या काफिल्यांना भांडवल पुरविणाऱ्यांत आपले सावकारही होते, आणि १८६० च्या सुमारास ब्रिटिश वकील रिग्बी याने तेथील हिंदी लोकांच्या घरांतून हजारो गुलाम मुक्त करविले, ही गोष्टही त्याच जागी उभे राहून आठवावी. १९६४ च्या जानेवारीत तेथे क्रांती झाली, हजारो अरब व हिंदी मारले गेले किंवा घरदार सोडून गेले. त्याच वर्षीच्या एप्रिलात बेट टांगानिकाशी जोडले गेले आणि दोहोंच्या नावांतून टांझानिया हे नाव घडले.

समुद्रकिनारा निवडताना भरती-ओहोटी विचारात घ्यावी. पूर्वेच्या किनाऱ्यावर, पाजे आणि जांबियानीस, ओहोटीला पाणी इतके दूर जाते की पोहावयास गेलेला मनुष्य नुसता चालतच राहतो. कोकणातल्या श्रोत्यांना हे सांगावयास नको : अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात हे अंतर वाढते आणि अष्टमीच्या भांगात कमी होते. ज्यांना दिवसभर पोहावयाचे आहे त्यांनी उत्तरेचे नुंगवी धरावे. पण ओहोटीतला पूर्व किनाराही पाहण्यासारखा आहे. त्या उघड्या वाळूत बायका काठ्या रोवून समुद्री शेवाळाची शेती करतात. समुद्र तापत चालल्याने ते पीक अलीकडे वारंवार बसते.

कागदपत्रे थोडक्यात. नैरोबीत मुक्काम पडणार असेल तर पीतज्वराची लस आणि तिचा दाखला लागतो. लस सरकारने नेमलेल्या केंद्रांतच मिळते, आणि दाखला दहा दिवसांनी लागू होतो. साठीच्या पुढच्यांनी डॉक्टरांना विचारून मगच ती घ्यावी. मलेरियाच्या गोळ्यांविषयीही डॉक्टरांशी बोलावे. २०२४ च्या ऑक्टोबरपासून झांजीबारात उतरणाऱ्या परदेशी प्रवाशाला तेथील सरकारी विमा घ्यावा लागतो. प्लॅस्टिकच्या पिशव्यांना २०१९ पासून देशभर बंदी आहे, तेव्हा लाडू-चिवडा डब्यात न्यावा. गडद निळे आणि काळे कपडे रानात नकोत, त्सेत्से माशी त्या रंगांवर येते. २०२५ च्या ऑक्टोबरात निवडणुकीच्या वेळी तेथे मोठ्या दंगली होऊन संचारबंदी लागली होती. निघण्यापूर्वी आपल्या परराष्ट्र खात्याची सूचना वाचावी.

काही चिठ्ठ्या आल्या आहेत. एका बाईंनी विचारले आहे, शाकाहारी जेवण मिळेल का? मिळेल, आधी कळवून ठेवावे. शिवाय तेथील साधे जेवणच घेऊन पाहा : नारळाच्या दुधात शिजविलेला राजमा, चपाती आणि कचुंबरी. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना न्यावे का? न्यावे, चालणे जवळजवळ नाही, पण जीपची पायरी उंच आहे आणि धक्के बसतात, त्यांना मधल्या ओळीत बसवावे.

शेवटची चिठ्ठी : समुद्र आधी की अरण्य आधी? अरण्य आधी. तेथे पहाटे पाचला उठावे लागते आणि त्या दगदगीनंतर झोप झांजीबारातच भरून निघते. दुसरे असे की, जीपमधली तांबडी धूळ कानांत आणि केसांत इतकी बसते की हॉटेलच्या नळाखाली ती निघत नाही. समुद्रात दोनदा बुडी मारल्यावर निघते. आणखीही चिठ्ठ्या आहेत, पण चालक मला घड्याळ दाखवीत आहेत.